माझ्या बायकोची करमुक्त भाकरी

करातलं मला जेवढं कळतं तेवढं उमरगा तालुक्यात दुसऱ्या कुणाला कळत नाही. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसऱ्या कुणी सांगण्याची वाट बघत मी कनिष्ठ महाविद्यालयात लिपिक म्हणून अर्धं आयुष्य काढलं आणि अजून कुणी तोंड उघडलेलं नाही.

मार्च महिना आला की स्टाफरूममधली माणसं माझ्या टेबलाशी येतात. जुनी करप्रणाली घेऊ की नवी? मी चष्मा वर करतो, जरा वेळ छताकडं बघतो आणि सांगतो. मागं एकदा खेळाच्या बलभीम सरांना मी जुनी घ्यायला लावली. त्यात त्यांचा तोटा झाला, ही गोष्ट वेगळी. पण तो तोटा कसकसा झाला हे मी त्यांना इतक्या सविस्तर समजावून सांगितलं, की तेव्हापासून मी दिसलो तरी सर धावायला सुटतात. खेळाचा माणूस, धावायचाच.

घरी मात्र माझ्या ज्ञानाला किंमत नाही. माझी बायको महानंदा ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी विकते. आमचं घर हैदराबाद रस्त्याला लागून आहे. पुढच्या खोलीत तिनं काउंटर टाकलाय, वर 'महानंदा गृहउद्योग' अशी पाटी. सोलापूरकडनं येणारे ट्रकवाले थांबतात आणि भाकरीची चळतच्या चळत घेऊन जातात, कारण ही भाकरी महिनाभर टिकते. आमच्या घराचा वरचा मजला तिच्या भाकरीवर उभा आहे. माझ्या पगारावर त्याचा जिना आहे, तोही अजून कठड्याविना.

एकदा पेपर वाचता वाचता मी तिला म्हणालो, "पोळीला पाच टक्के, पराठ्याला अठरा. मिठाच्या लाह्यांना एक दर, साखरेच्या लाह्यांना दुसरा. आता तुझी कडक भाकरी कशात बसते सांग. गोल हाय म्हणून पोळीत, का वाळलेली हाय म्हणून पापडात? पापडाला कर न्हाय."

"डब्यात बसते," महानंदा म्हणाली. "पाय उचला, झाडायचंय."

तर अशा वातावरणात, पावसाळ्याच्या तोंडाला, सीमेपलीकडनं ती बातमी आली. कर्नाटकात चहावाल्यांना, भाजीवाल्यांना कराच्या नोटिसा गेल्या म्हणे. दुकानात चौकोनी ठिपक्यांचा तो कागद लावलेला असतो ना, फोननं पैसे द्यायचा, त्यावर वर्षाला किती पैसे आले हे बघून सरकारनं गणित मांडलं. महानंदाचा भाऊ श्रीशैल बसवकल्याणला असतो. त्यानं फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "दाजी, इकडं कोथिंबीरवाल्यानं ठिपक्याचा कागद फाडून टाकलाय. सगळे रोख मागायलेत."

मी ताडकन उठलो आणि आमच्या काउंटरवरचा कागद नखानं खरवडायला लागलो.

"अहो, काय करालाव?" महानंदा पिठाच्या हातानं धावत आली.

"तुला वाचवायलोय."

"आपण महाराष्ट्रात हाव."

"कर्नाटकाची हद्द इथनं किती लांब हाय? वारंसुद्धा तिकडनंच येतं."

"वाऱ्याबरोबर नोटीस येती व्हय?"

मी खरवडत राहिलो. अज्ञानी माणसाशी वाद घालून कर वाचत नाही. तो कागद मात्र इतका चिकटलेला होता की अर्धाच निघाला. राहिलेल्या अर्ध्याला ट्रकवाले बिचारे आडवा, उभा, तिरका फोन धरून बघायचे. शेवटी मी त्यावर चटणीची बरणी ठेवली आणि वर खडूनं लिहिलं : फक्त रोख.

आता रोख म्हटलं की सुट्टे आले. हल्ली माणसांकडं एकतर फोन असतो नाहीतर पाचशेची नोट. मधलं काही शिल्लकच राहिलेलं नाही. मी सुट्ट्याच्या बदल्यात चटणीच्या पुड्या द्यायला सुरुवात केली. चटणी संपली की एखादी भाकरी. आमच्याकडं भाकरी थापायला येणाऱ्या विठाबाई दोन दिवस गप्प राहिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मालक, सुट्टे न्हाईत म्हणून चटणी दिली. चटणी न्हाय म्हणून भाकरी दिली. उद्या भाकरी न्हाय म्हणून मला देताव काय गाडीवाल्याला?"

नेहमीचे ट्रक पुढं जाऊन दुसऱ्याच दुकानापुढं थांबायला लागले. महानंदा दारात उभी राहून त्यांचे मागचे दिवे बघायची. मी तिला समजावलं की धंदा कमी झाला म्हणजे करही कमी, यालाच करनियोजन म्हणतात.  त्या दिवशी तिनं मला भाकरी वाढली, चटणी वाढली नाही.

पण मी थांबणाऱ्यातला नव्हे. पाटीचा प्रश्न उरलाच होता. 'गृहउद्योग' म्हणजे उद्योग आला, उद्योग म्हणजे उलाढाल आली. कॉलेजात एक जुनं कापडी बॅनर पडून होतं, 'वृक्षारोपण सप्ताह' असं लिहिलेलं. ते मी पाटीवर बांधलं. सरकारी माणूस झाडांच्या वाट्याला कधी जात नाही, हा माझा अनुभव. दुसऱ्याच दिवशी गुंजोटीचे एक शेतकरी टेम्पो घेऊन आले आणि लिंबाची रोपं मागायला लागले. न्हाईत म्हटल्यावर म्हणाले, "संपली? सरकारी योजनेत असंच असतंय." आणि मलाच दोन शिव्या घालून गेले.

मग मी घरातल्या सगळ्यांना पढवलं. अनोळखी माणूस आला, रोज किती भाकऱ्या जातात असं विचारलं, तर सांगायचं की ह्या घरच्यासाठी आहेत. घर कुणाचं विचारलं, भाड्याचं. शेती? नाही.

"शेती कशाला लपवायची अप्पा? शेतीच्या उत्पन्नावर कर नसतो ना?" माझी मुलगी शिवरंजनी म्हणाली. ती इथल्याच एका दवाखान्यात औषधांच्या काउंटरला आहे. फार्मसी शिकलेली.

"एक गोष्ट कबूल केली की माणसाला सवय लागते," मी म्हणालो.

माझी आई पार्वतम्मा, आम्ही तिला अव्वा म्हणतो, तिला ऐकायला जरा कमी येतं. तिला हे सगळं तीन वेळा सांगितलं. ती म्हणाली, "व्हय व्हय, कळलं. पाहुणे आल्यावर चांगलं बोलायचं."

पाहुण्यांचा विषय तिच्या डोक्यात होता, कारण श्रीशैलनं शिवरंजनीसाठी एक स्थळ आणलं होतं. नळदुर्गची माणसं, आमच्यातलीच. मुलगा उत्कर्ष, सोलापूरला राज्य शासनाच्या नोकरीत. रविवारी बघायला येणार होते. श्रीशैलनं फोनवर मुलाची बरीच माहिती सांगितली होती. ती मी ऐकली नाही, कारण त्या वेळी मी बॅनरची दोरी बांधत होतो. राज्य शासन एवढं कानावर पडलं, तेवढं पुरेसं होतं.

श्रावणी सोमवार होता. कॉलेज दुपारी सुटलं. महानंदा ज्वारी घ्यायला बाजारात गेली होती, अव्वा आत झोपली होती, विठाबाई चुलीपुढं. मी काउंटरवर बसलो होतो. एवढ्यात मोटारसायकलवरून एक गृहस्थ उतरले. साठीच्या घरातले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. दोन पेनं बघूनच मी गल्ला आत सरकवला. प्रामाणिक माणसाला एक पेन पुरतं.

त्यांनी आधी बॅनर वाचलं. मग घराचा वरचा मजला खालपासून वरपर्यंत बघितला. मग आत येऊन म्हणाले, "भाकरी मिळंल का?"

"बसा की. पाणी घ्या."

"रोज किती जातात ओ अशा?"

आला, मी मनात म्हटलं. "जात न्हाईत. घरच्यासाठी करतो."

त्यांनी मागच्या चळतींकडं बघितलं. छताला टेकायच्या बाकी होत्या. "ह्या सगळ्या घरच्यासाठी?"

"खाणारे हाईत ना."

"किती माणसं घरात?"

"चार."

"चौघांत एवढ्या?"

आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. "तशा बायका कमीच खातात," मी म्हणालो. "मलाच भूक जास्त. दिसाकाठी साठेक लागतात."

चुलीपुढं विठाबाईंना जोराचा ठसका लागला. गृहस्थांनी माझ्याकडं नीट बघितलं. मी अंगानं तसा काटकुळाच आहे. शर्ट माझ्यावर घातलेला नसतो, टांगलेला असतो.

"डॉक्टरला दाखवलंत?" त्यांनी हळूच विचारलं.

"परवडत न्हाय."

"घर छान बांधलंय पण."

"भाड्याचं हाय. खालचंसुद्धा."

"शेतीबिती?"

"होती. म्हणजे नव्हतीच."

"ती गाडी?"

"शेजाऱ्याची. आमच्या दारात सावली हाय म्हणून लावतो तो." त्या वेळी आभाळ भरून आलं होतं आणि उमरग्यात कुठंच सावली नव्हती, पण हे त्यांनी मनावर घेतलं नाही.

मग त्यांनी चौकशीचा रोख बदलला. "मुलगी नोकरीला हाय म्हणे तुमची?"

यांना घरातल्या पगाराचाही पत्ता लागलाय, याचा मला धक्काच बसला. संपूर्ण कुटुंबाची फाईल घेऊन माणूस आलाय. मी म्हणालो, "नोकरी कसली साहेब. नुसती जाते."

"म्हणजे?"

"पगार देत न्हाईत. सवय लागली तिला जायची, म्हणून जाते. घरी बसवत न्हाय."

 त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला त्या वेळी निराशा वाटलं. म्हटलं, जिंकलो. हातातनं केस गेली की अधिकाऱ्याचा चेहरा असाच होत असणार. ते उठले, दोन चळती भाकरी आणि चटणी बांधून द्या म्हणाले. मी बांधून दिली. मग त्यांनी खिशातनं फोन काढला आणि चटणीच्या बरणीमागं तो अर्धा कागद शोधायला लागले.

तिथं माझा तोल गेला. इतका वेळ जपलेलं सगळं एका बोटाच्या टोचणीनं सरकारजमा होणार होतं. "पैसे नकोत," असं ओरडून मी त्यांच्या हातावर झडप घातली. फोन उडाला आणि विठाबाईंच्या परातीत, उकडलेल्या पिठात, उभा रुतला. विठाबाई थापण्याच्या लयीत होत्या. त्यांनी त्याच्यावर एक थाप मारलीही.

फोन काढून, पुसून, मी तो दोन्ही हातांनी परत दिला. कॅमेऱ्याच्या भोकात थोडं पीठ राहिलं असावं. गृहस्थांनी काउंटरवर एक नोट ठेवली, भाकरी घेतली आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मालक, जपा स्वतःला."

सरकारी खात्यात अशी माणुसकी मी प्रथमच बघत होतो.

संध्याकाळी मी हा विजय महानंदाला आणि शिवरंजनीला रंगवून सांगत होतो. साठ भाकऱ्यांपर्यंत आलो असताना श्रीशैलचा फोन आला. महानंदानं आवाज मोठा करून फोन मध्ये ठेवला.

"अक्का," श्रीशैल म्हणाला, "मुलाचे थोरले चुलते नागप्पा आज तुमच्याकडं जाऊन आले. रविवारच्या आधी घर एकदा डोळ्याखालनं घालावं म्हणून, गिऱ्हाईक होऊन गेले होते. ते म्हणालेत, स्थळ राहू द्या. घर भाड्याचं, शेती न्हाय, पोरगी बिनपगारी राबती आणि पोरीच्या बापाला कसला तरी मोठा आजार हाय. रोजच्या साठ भाकऱ्या खातो म्हणे. दाजीला काय झालंय?"

 फोनमधनं श्रीशैल "हॅलो, हॅलो" करत राहिला. महानंदानं तो बंद केला आणि परातीकडं बघत बसली. मला वाटलं शिवरंजनी ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली मान घालून ओढणीचं टोक नीट करत म्हणाली, "अप्पा, मी दिवसभर उभी असते तिथं. पाय सुजतात. तुम्ही म्हणालात, नुसती जाते."

करातलं मला बरंच कळतं म्हणून वर सांगितलंय. या वाक्याला उत्तर कशाखाली दाखवायचं, ते मला कळलं नाही.

श्रीशैलनं मग दोन दिवस नळदुर्गला फोन करकरून त्या माणसांना कसंबसं वळवलं. दाजींचा सोमवारचा कडक उपास होता, पित्त डोक्यात गेलं होतं, उपाशी माणसाला भाकरीच दिसणार, असं काहीतरी त्यानं पटवलं. रविवारी येतो म्हणाले, पण तासभरच.

महानंदानं मला आदल्या दिवशी बजावलं, "उद्या तुम्ही पाणी द्यायचं आणि खुर्चीवर बसायचं. तोंड उघडायचं ते फक्त पेढा खायला."

मी मान डोलावली. पण मनात ठरवलं होतं. माझ्या कमी बोलण्यानं घोटाळा झाला होता. म्हणजे घर कमी दाखवल्यानं. मग तो निस्तरायचा मार्ग उघड होता.

रविवारी सकाळी बॅनर उतरवून मी पाटी पुसली. शेजाऱ्याचीही गाडी मागून आणली आणि आमच्या गाडीशेजारी लावली. पाहुणे आले : नागप्पा, मुलाची आई आणि उत्कर्ष स्वतः. मुलगा शांत, चष्मा लावलेला, बोलायला मऊ. श्रीशैल बसवकल्याणहून आला होताच. अव्वानं दारात जाऊन "बर्री, बर्री, कूडरी" असं कानडीत या-बसा करत सगळ्यांना बसवलं.

"तब्येत कशी हाय आता?" नागप्पांनी मला विचारलं.

"एकदम ठणठणीत. त्या दिवशी मी गंमत केली तुमची," मी म्हणालो. "घर आमचंच हाय. दोन्ही मजले. शेती गुंजोटीला, विहिरीसकट. गाड्या दोन."

"आणि भाकरीचं?"

महानंदा स्वयंपाकघरात होती. मैदान मोकळं होतं. "भाकरी म्हणजे खाण हाय सोन्याची," मी म्हणालो. "रोजचे ट्रक भरून जातात. कर्नाटक, तेलंगणा, सगळीकडं आमचाच माल."

श्रीशैलनं माझ्या पायावर पाय ठेवला. मला वाटलं चुकून.

"वर्षाला विक्री किती असंल काका?" उत्कर्षनं विचारलं. मुलगा रस घेतोय म्हटल्यावर माझ्या अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

"साठ लाख कुठं गेले न्हाईत."

"बिलं देता?"

मी हसलो. नव्या पिढीचं हे असंच, नोकरीतली पोरं, व्यवहार शून्य. "बाबा रे, बिलं देऊन उमरग्यात कोण मोठं झालंय? सगळं रोख. ते फोनचे ठिपके होते, तेसुद्धा मी स्वतःच्या नखानं खरवडले. सरकारला पत्ता लागू दिला न्हाय. तुला सांगतो, कर हा भरायचा नसतोच, कळायचा असतो."

नागप्पा खोकायला लागले. मी त्यांना पाणी दिलं. ते पाणी न पिता माझ्याकडं बघून मान हलवत होते. मला वाटलं, कौतुक. श्रीशैलनं आता दोन्ही पाय माझ्या पायावर ठेवले होते.

एवढ्यात अव्वानं तोंड उघडलं. "पोरा, तू कुठं असतोस म्हणे नोकरीला?"

"सोलापूरला, आजी. जीएसटीच्या ऑफिसात. राज्यकर निरीक्षक हाय मी."

"काय कर?"

"कर, आजी. टॅक्स."

"बरं, बरं," अव्वा खूश होऊन म्हणाली. "मग आमच्या गौरीशंकरला काहीबी अडलं तर विचारत जा. त्याला लई कळतं त्यातलं."

  माझ्या हातातला पेढा घामानं पातळ झाला.

"साठ लाख म्हणजे," मी सुरुवात केली, "आपण बोलायला म्हणतो ना, तसं. खरे सहा. म्हणजे सहासुद्धा पिकं चांगली आली तर."

"पिकं? भाकरीची?" नागप्पा म्हणाले.

"ट्रक म्हणजे... एक ट्रक. तोही हल्ली थांबत न्हाय."

उत्कर्ष चष्मा पुसत होता. तो शांतपणे म्हणाला, "काका, माल राज्याबाहेर पाठवत असाल तर विक्री किती का असंना, नोंदणी लागते."

"कुठलं बाहेर? गावाबाहेरसुद्धा जात न्हाय."

"मालक," नागप्पांनी पाण्याचा पेला शेजारी ठेवला, "मला एक सांगा. सोमवारचं खरं का आजचं?"

"मधलं," मी म्हणालो.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात महानंदा येऊन उभी राहिली. सगळं आतनं ऐकलं होतं तिनं. हातातलं ताट तिनं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि पाहुण्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली. आमच्या घरात पाहुण्यांपुढं खुर्चीवर बसण्याची तिची ती पहिलीच वेळ असावी.

"धंदा माझा हाय, मला विचारा," ती उत्कर्षला म्हणाली. "वर्षाची विक्री दहा-अकरा लाख. फोनवर त्याहून जास्त दिसतं, कारण गल्लीतल्या बायकांची भिशी माझ्याकडं जमा होती आणि माझा भाऊ आमच्या आईचं औषध इथनं मागवतो, त्याचे पैसे माझ्याकडंच येतात. माल इथंच, काउंटरवर देते. विठाबाईंचा पगार देऊन जे उरतं त्यात वरचा मजला बांधला. घर सासूबाईंच्या नावावर हाय. पोरीला पगार हाय, आणि तो ती स्वतः कमावती. आणि हे," तिनं माझ्याकडं न बघता बोट केलं, "दोन भाकऱ्या खातात. त्याबी दुधात मोडून दिल्यावर."

"मावशी," उत्कर्ष म्हणाला, "मग अडचण काय हाय? इथल्या इथं माल विकणाऱ्याला वर्षाला चाळीस लाखांपर्यंत नोंदणीच लागत न्हाय. फोनवर आलेला सगळा पैसा म्हणजे विक्री नसते. कुणी विचारलंच तर भिशीचं भिशी म्हणून सांगायचं. मी तुमच्या जागी असतो तर फोननंच पैसे घेतले असते. सुट्ट्याची कटकट न्हाय."

महानंदानं आता माझ्याकडं बघितलं. मी पायाकडं बघितलं. श्रीशैलनं ते सोडले होते.

मुलाची आई उठायच्या बेतात होती. नागप्पांनी टोपी हातात घेतली. असं घर, असा बाप, त्यांचंही काय चुकत होतं? मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात शिवरंजनी, जी एवढा वेळ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, ती बोलली.

"अप्पा दोन्ही दिवशी खोटं बोलले," ती म्हणाली. "मला लई राग आला होता. अजून हाय. पण सोमवारी ते तुम्हाला फसवायला खोटं बोलले न्हाईत. त्यांना वाटलं आईचा धंदा बंद पाडायला कुणी आलंय. आईसाठी त्यांनी स्वतःला साठ भाकऱ्या खाणारा करून घेतलं. दुसऱ्या कुणाच्या बापानं एवढं केलं नसतं."

"करूबी नये," नागप्पा म्हणाले. पण टोपी त्यांनी परत मांडीवर ठेवली.

उत्कर्ष हसू दाबत होता. ते दाबलं गेलं नाही. मग त्याची आई हसली. मग अव्वा, काय झालं ते न कळता, सगळ्यांत मोठ्यानं हसली. मुलामुलीनं वरच्या मजल्यावर जाऊन एकमेकांशी बोलावं असं ठरलं. जिन्याला कठडा नाही, जपून जा, एवढं एकच उपयोगी वाक्य त्या दिवशी मी बोललो. खाली आल्यावर शिवरंजनी आईच्या कानात काहीतरी म्हणाली, आणि महानंदानं साखर काढली.

दिवाळीनंतर लग्न धरलं. ठिपक्यांचा नवा कागद महानंदानं स्वतः आणून लावला, हात पुरणार नाही इतक्या उंचावर. ट्रकवाले हळूहळू परत आले. मधल्या काळात सरकारनं पोळी-पराठ्यावरचा करच काढून टाकला, ही बातमी मी पेपरात वाचली आणि घरात कुणाला वाचून दाखवली नाही.

पण माझ्या मागची पीडा पुढंच होती. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचं काहीच निघालं नाही. उत्कर्षनं एकच अट घातली, तीही हात जोडून. "काका, माझ्या नोकरीचा प्रश्न हाय. लग्नातली प्रत्येक वस्तू पक्क्या बिलानं घ्या. कुणी बोट दाखवायला नको."

मी बायकोचा जो कर वाचवला होता, तो मुळात शून्य होता. आणि आता मंगल कार्यालयाला अठरा टक्के, मंडपाला अठरा टक्के, फोटोवाल्याला अठरा टक्के, सोन्याला वेगळा, सोन्याच्या मजुरीला आणखी वेगळा. बँडवाल्याकडं पक्कं बिल मागितलं तेव्हा त्यानं क्लॅरिनेट खाली ठेवलं आणि घरातल्या माणसांना मला बघायला बाहेर बोलावलं.

मंगल कार्यालयाच्या मालकानं मला केबिनमध्ये बसवून, दार लोटून, खालच्या आवाजात विचारलं, "कच्चं लावू ना? तुमचे अठरा टक्के वाचतील. सगळेच तसं करतात."

केबिनमध्ये तिसरं कुणी नव्हतं. अख्ख्या आयुष्यात ज्या प्रश्नाची मी वाट बघितली होती तो प्रश्न समोर होता. मी चष्मा वर केला, जरा वेळ छताकडं बघितलं आणि म्हणालो, "पक्कं लावा."

मालक चपापला. खुर्चीत सरळ बसत म्हणाला, "साहेब, टॅक्सचे अधिकारी हाव काय तुम्ही?"

"न्हाय हो," मी म्हणालो. "अधिकाऱ्याचा सासरा. अधिकाऱ्याची तीन वर्षांनी बदली तरी होते."